बुजवलेली खिडकी

"जरासक खिडकी सरकवा जी," जमुनाबाई म्हणाली, आणि खिडकी सरकली नाही. झालं ते एवढंच. खेमराजनं काचेच्या कडेला तळवा टेकवून रेटलं, मग दोन्ही हात लावले, मग पलंगाच्या पायाला टाच रोवून अंगातला होता नव्हता तेवढा जोर लावला, काच ढिम्म. तीन बोटांनी सरकणारी स्लायडिंगची खिडकी ती, आणि जन्मभर कुदळ-फावडं चालवलेला हा माणूस तिच्यापुढं घामाघूम. "पावसानं फुगली असन," तो म्हणाला. उशांच्या ढिगाला टेकलेली जमुनाबाई त्याच्याकडं बघत राहिली आणि दोन शब्द, एक दम, असं करत म्हणाली, "ॲल्युमिनियम... फुगते का जी?" तोवर खेमराजच्या हातांना आठवलं होतं की ही खिडकी त्यांनीच बंद केली आहे. गेल्या आठवड्यात जमुनाबाईचा डोळा लागला असताना त्यानं सिलिकॉनची अख्खी नळी काचेभोवती पिळली होती, ओल्या बोटानं ती वळी दाबून सारखी केली होती, आणि दोन पावलं मागं होऊन मनाशी म्हणालाही होता, ये बेट्या, आता कोठून येतोस ते पाहतो. पावसाला म्हणाला होता. पाऊस त्यानंतरही आलाच. वारा मात्र आला नव्हता.

"राहू द्या," जमुनाबाईनं डोळे मिटले, "उद्या तं जाऊनच रायलो." तिनं ते सहज म्हटलं. उद्या सकाळी रीता येणार होती, त्यांची मुलगी, नागपूरहून गाडी घेऊन. आणि आईला घेऊन जाणार होती. तिची छाती ठीक होईस्तोवर. म्हणजे कधीपर्यंत, ते कोणी सांगत नव्हतं. डॉक्टरला मोहितनं, त्यांच्या मुलानं, या खोलीच्या भिंतीचा फोटो मोबाइलवर दाखवला तेव्हा डॉक्टरनं मोबाइल हातात घेऊन तो फोटो बोटांनी मोठा करून पाहिला, जसा काही पेशंट तोच आहे, आणि म्हणाला, या बुरशीत दम्याच्या बाईला ठेवता तुम्ही? भिंत सुकवा, नाहीतर त्यांना हलवा. रीताकडं दोन खोल्या, तिची सासू, पोरं. आई मावेल, बाबांची सोय कुठं करू, असं ती फोनवर रडत रडत म्हणाली होती. खेमराजनंच तिला समजावलं, अवं मले काय होते, मी इथं राजासारखा राहतो. राजा! बाळंतपणं सोडली तर लग्नानंतर जमुनाबाई त्याच्यावेगळी कुठं झोपली नव्हती. हे बोलून दाखवायचं त्याचं वय नव्हतं आणि स्वभाव तर त्याहून नव्हता. तेव्हा राहता राहिली ती भिंत. भिंत सुकली की जमुनाबाई राहिली, इतका सरळ हिशेब त्यानं मनाशी बांधला होता, आणि त्या हिशेबापायी तो भादव्यात भिंतीशी लढत होता.

आता हा माणूस कोणाच्या पोटचा, ते सांगितल्याशिवाय त्याची लढाई कळायची नाही. चोरखमाऱ्याच्या तलावाअंगच्या एका गावातला हा कोहळी, तलाव बांधणाऱ्यांच्या जातीचा. कोहळ्याच्या घरात पोरगं चालायला लागलं की त्याला आधी तलावाची पार, म्हणजे मातीचा बांध, दाखवतात, देऊळ मागाहून. खेमराजचा बाप केशोराव गावच्या तलावाची पार राखायचा. राखायचा म्हणजे कोणी नेमला नव्हता. पण त्याच्या बापानं राखली, म्हणून यानं राखली. पावसाळ्यात सकाळ झाली की केशोराव पारीच्या मागच्या उतारावरून चालत जायचा, पाण्याच्या बाजूनं नव्हे, कोरड्या बाजूनं, वाकून, गवत पायानं बाजूला करत. मागं खेमराज, डोक्यावर चिखलाचं घमेलं. कोरड्या बाजूला कुठं बोटाएवढं छिद्र दिसलं, त्यातून पाणी पाझरताना दिसलं, की केशोराव खाली बसायचा. खेकड्याचं बीळ. "हे पाय," तो म्हणायचा, "तलाव मोठ्या भोकानं नाई फुटत. मोठं भोक साऱ्यायले दिसते." मग चिकणमाती आणि धानाचं तणस एकत्र मळून त्या बिळात कोंबायची, टाचेनं ठोकायची, पुन्हा कोंबायची, पुन्हा ठोकायची. खेमराजच्या टाचेला ते ठोकणं अजून ठाऊक होतं. दिसलं छिद्र की बुजव, हे त्याला कोणी शिकवलेलं ज्ञान नव्हतं, भूक लागावी तसं ते अंगातून यायचं.

आणि असा माणूस गोंदियात तिसऱ्या मजल्यावर आणून ठेवला. जमुनाबाईच्या दम्यापायी आले दोघं. गावात अर्ध्या रात्री तिला घेऊन कुठं पळणार, म्हणून मोहितनं आणलं, काही वाईट केलं नाही. पण इथं दार ओढलं की आपोआप कुलूप लागतं, किल्ली आत राहिली की माणूस बाहेर, म्हणून खेमराज दाराबाहेर पडायचं टाळायचा. जिन्यात भेटलेला माणूस त्याला "अंकलजी" म्हणायचा आणि हिंदीत बोलायचा. खेमराजला हिंदी समजायची, पण तोंड उघडलं की आपण दुसऱ्याचे कपडे घालून उभे आहोत असं वाटायचं. खाली दुसऱ्या मजल्यावर दुर्गाप्रसाद राहायचा. पहिल्याच पावसाळ्यात तो वर आला आणि अगदी हात जोडून म्हणाला, "अंकलजी, बुरा मत मानना, आपकी खिडकी से पानी टपकता है, मेरे कपडे सूखते नहीं." कोहळ्याच्या घरातून पाणी गळतं! खेमराजच्या कानांच्या पाळ्या तापल्या. तो मोहितला किल्ली मागून खाली पार्किंगमध्ये गेला, मान वर करून आपली खिडकी शोधली, आणि बाहेरून, कोरड्या बाजूनं, त्याला ती दिसली. खिडकीच्या खालच्या पट्टीला बाहेरच्या अंगानं दोन बारीक छिद्रं, आणि दोन्हींतून पाण्याची धार. त्याचा जीव एकदम हरखला, खरंच सांगतो. या सिमेंटच्या खोक्यात त्याला पहिल्यांदा काहीतरी ओळखीचं भेटलं होतं. खेकड्याची बिळं!

वर येऊन त्यानं ग्रीलमधून खांद्यापर्यंत हात बाहेर काढला आणि सिमेंटमध्ये चिंधी भिजवून दोन्ही छिद्रं बोटानं ठासून बुजवली. तोवर खिडक्या बघायचं काम सुनेचं होतं. अंजू पावसाळ्याआधी जुना दातांचा ब्रश घेऊन खिडक्यांच्या खाचा घासायची, रबराची पट्टी सुटली तर दाबून बसवायची, काडी घालून कोपरे मोकळे करायची. तिनं ते सिमेंट पाहिलं आणि म्हणाली, "मामाजी, तिथं छेद असतेतच. कंपनीतूनच येतेत." "छेद हायेत म्हणूनच तं बुजवले," खेमराज म्हणाला, "ठेवायचे असते का?" अंजू काही बोलणार होती. पण शाळेची वेळ झाली होती, ती मास्तरीण, आणि सासऱ्यासंगं खिडकीवरून कोण डोकं लावेल? "मंग तुमचं तुमी पाहा," म्हणून तिनं ब्रश त्याच्या हाती दिला, आणि त्या दिवसापासून त्या खोलीची खिडकी त्याची झाली. दुर्गाप्रसादचे कपडे सुकायला लागले. खेमराज दोन दिवस मिशीतल्या मिशीत हसत होता. तिसऱ्या पावसाला पाणी आत आलं.

आलं ते खिडकीच्या आतल्या काठावरून, भिंतीवर, पंख पसरल्यागत दोन्हीकडं. खेमराज म्हणाला, आणखी कुठंतरी बीळ असणार. त्यानं काचेच्या कडा बुजवल्या. पाणी आलं. त्यानं चौकट आणि भिंतीच्या मधली रेघ बुजवली. पाणी आलं. मोहितनं बिल्डरला फोनवर शिव्या घातल्या, बिल्डरनं माणूस पाठवतो म्हटलं, माणूस काही आला नाही, आणि खेमराजला तेच बरं वाटलं. आपल्या पारीवर परक्याचं काय काम? भिंतीचा रंग आधी फुगला, मग त्याचे पापुद्रे सुटले, मग खालून पांढरं पीठ गळायला लागलं, आणि या वर्षी पोळा झाल्यावर ती काळी बुरशी आली, बारीक ठिपके, जमुनाबाईच्या उशापासून हातभर अंतरावर. खेमराज ते रोज पुसायचा. पुसलं की दुसऱ्या दिवशी ते थोडे पलीकडं उगवायचे. त्याची चिकाटी मोठी, पण ओलीची त्याहून मोठी. करायला गेला गणपती आणि झालं माकड, असं दुसरं कोणी म्हटलं असतं. त्याला म्हणणारं घरात कोणी नव्हतं, हीच तर पंचाईत.

खिडकी बंद झाल्यापासून खोलीचा वास बदलला होता. आधी नुसता ओलीचा वास यायचा, आता त्यात गोळ्यांचा, तेलाचा, वाफेच्या मशीनच्या प्लास्टिकचा, न सुकलेल्या चादरीचा, आणि त्यांच्या दोघांच्या अंगाचा वास मिसळला होता, आणि तो कुठं जात नव्हता. पहाटे काच आतून ओली असायची. खेमराज खांद्यावरच्या दुपट्ट्यानं ती पुसायचा आणि विचार करायचा, हे कुठून येतं? पाऊस तर रात्रभर नव्हता. एकदा बोट ओढून त्यानं ते पाणी जिभेला लावून पाहिलं. कोमट, बेचव. आपल्याच तोंडातून निघालेलं, हिच्या आणि माझ्या, असा विचार त्याच्या मनात आला आणि त्याला कसंतरीच झालं. दोन माणसं रात्रभर श्वास सोडतात आणि तो काचेवर जाऊन बसतो, बाहेर बघत. त्यानं दुपट्टा पिळला आणि तो विचार तिथंच बंद केला.

आणि पहाटेचं आणखी एक काम होतं त्याचं, जे कोणाला माहीत नव्हतं. जाग आली की आधी तो उठून जमुनाबाईच्या पलंगापाशी यायचा, वाकायचा आणि तिच्या नाकापुढं तळवा धरायचा. श्वास लागला की मग त्याचा जीव खाली पडायचा. कधी श्वास बारीक असायचा, तेव्हा तो तसाच वाकून थांबायचा, कंबर दुखेपर्यंत, हाताला काहीतरी लागेपर्यंत. मग दबक्या पावलांनी परत. गावाला हे त्यानं कधी केलं नव्हतं. गावाला सकाळ झाली की तो पारीवर निघून जायचा, मागं हिची खोकल्याची उबळ ऐकू यायची, चुलीचा धूर दिसायचा, आणि घरात सारं ठीक आहे हे तेवढ्यावरून कळायचं. इथं जायला पार नव्हती. इथं हा पलंग, तो पलंग, मध्ये वाफेची मशीन आणि बुजवलेली खिडकी. माणसाला राखायला काहीच दिलं नाही की तो हाताशी असेल ते राखतो.

खिडकी सरकेना झाली त्या सकाळी डब्याची पिशवी खांद्याला लावून मोहित दारात उभा होता. "बाबा, दुपारी रीताचा फोन येईन. तिनं सांगतलं, भिंत सुकत असन तं आईले राहू दे, नाईतं उद्या निघतो. तुमीच सांगा तिले काय ते. आई तुमचंच आयकते." त्यानं भिंतीकडं एकदा पाहिलं आणि नजर काढून घेतली. खेमराजला वाटलं, त्यावर काही बोलला असता तर बरं झालं असतं, दोन शब्द भांडता आले असते. "सुकून रायली," तो म्हणाला, "दुपारपर्यंत पाहा." "पाहतो," मोहित म्हणाला, तसा तो लहानपणी म्हणायचा, खोटं कळल्यावर. अंजू स्कूटीची किल्ली घेऊन त्याच्या मागोमाग गेली. दार ओढलं गेलं. कुलूप खट्ट वाजलं.

पाऊस आला तो जेवणानंतर, आणि भादव्यातला पाऊस येतो तसा आला, आधी कोणाला न विचारता. समोरची टाकी दिसेनाशी झाली, रस्ता दिसेनासा झाला, काचेवर नुसतं पांढरं. खेमराज वाटी आणि फडकी घेऊन खिडकीशी बसला. त्याची रीत ठरलेली होती: खिडकीच्या खालच्या खाचेत पाणी चढायला लागलं की वाटीनं उपसायचं, बादलीत टाकायचं, काठावर फडकं दाबायचं, पिळायचं, पुन्हा दाबायचं. या वेळेस आतली काच चिकटवल्यामुळं खाचेचा निम्मा भाग त्याच्या आवाक्याबाहेर होता. फट होती, बोट जाईल एवढी. वाटी जात नव्हती. पाणी मात्र येत होतं, बाहेरच्या काचेवरून ओघळून खाचेत, निवांत, घाई नसल्यागत. "मशीन लावा जी," मागून जमुनाबाई म्हणाली. तिच्या छातीतली शिटी सुरू झाली होती. खेमराजनं बटण दाबलं, मशीन घुरघुरली, तिनं मुखवटा तोंडाला धरला, आणि लाइट गेली.

पंखा फिरत फिरत थांबला. पंखा थांबल्यावर त्या खोलीत किती थोडी हवा होती ते कळलं. जमुनाबाईनं मुखवटा काढून मांडीवर ठेवला. ती घाबरली नाही, तिनं फक्त दोन्ही हात गादीवर टेकले आणि खांदे वर ओढले, श्वास ओढायला, विहिरीतून भरलेला पोहरा ओढावा तसे, आणि अर्ध्यावर सोडून दिले. "लाइट येईन," खेमराज म्हणाला. "येईन आताच." तो दाराकडं गेला, परत आला. हॉलमध्ये हवा तीच, सारं घर पावसापायी बंद. मोहितला फोन करू? तो येईस्तोवर? शिटी बारीक झाली होती, आणि दम्यात शिटी बारीक होणं चांगलं नसतं, हे त्याला इतक्या वर्षांत कळलं होतं. "खिडकी," जमुनाबाई म्हणाली. दुसरा शब्द तिनं काढलाच नाही.

त्यानं स्वयंपाकघरातून सुरी आणली. आपण किती नेटकं काम केलं होतं, ते तेव्हा त्याला कळलं. सिलिकॉन रबरासारखं, सुरीखाली दबायचं आणि पुन्हा जागेवर यायचं. त्यानं टोक खुपसलं, करवतल्यासारखं ओढलं, एक पट्टी सुटली, दुसरी सुटेना. देवा, म्हणाला तो, गाढवासारखं कोण चिकटवते असं, आणि उत्तर ठाऊक असल्यानं आणखी जोरानं ओढलं. खालची कड कापायला तो गुडघ्यावर बसला, गाल जवळजवळ काचेला टेकवून, आणि त्याचा डोळा बरोबर पाण्याच्या पातळीवर आला.

खाच काठोकाठ भरली होती. त्यात एक वाळकं पान तरंगत होतं, एक मेलेली माशी. वरून पाण्याचे थेंब पडत होते आणि पडले की वर्तुळं उठत होती. तलाव! बोटभर रुंदीचा, हातभर लांबीचा, पण तलावच तो, भादव्यातला, तुडुंब. आणि आतल्या अंगाला, जिथं पट्टी जरा दबलेली होती, तिथून पाणी काठ ओलांडत होतं. धो धो नाही. चमकती, केसासारखी रेघ, काठावरून भिंतीत. खेमराजच्या हातातली सुरी थांबली. ही रेघ त्यानं पाहिली होती. मिसरूड फुटायच्या वयात, बापाच्या बाजूला उभं राहून. त्या साली पाऊस ओढून धरणार असं साऱ्यांना वाटलं होतं, धान गर्भात होता, आणि गावातल्या लोकांनी तलावाच्या सांडव्यावर रेतीची पोती रचली होती, जास्तीचं पाणी वाहून जाऊ नये म्हणून. केशोराव सांडव्यात उभा राहून ओरडला होता, "सांडव्यावरचं पाणी आपलं नोहे रे! त्याले अडवू नोका!" कोण ऐकतं? मग भादव्यात पाऊस असाच आला. पोती हलवायला जाईपर्यंत पाणी पारीवरून, सर्वात दबल्या जागेवरून, केसासारखं पलीकडं उतरलं. बापानं खेमराजचा हात धरून त्याला पारीखाली ओढलं आणि घराकडं पळवलं. रात्रीत तलाव फुटला; सकाळी बांध्यांवर, शेताशेतांवर, रेती होती, धान नव्हता. केशोराव त्यानंतर बरेच दिवस कोणाशी बोलला नाही, बोलला तेव्हा एवढंच, "बिळं बुजवाची असते. सांडवा कोण बुजवते?"

सांडवा कोण बुजवते. खेमराज गुडघ्यावर तसाच. बाहेरच्या अंगाची ती दोन छिद्रं, ज्यांतली धार दुर्गाप्रसादच्या कपड्यांवर पडत होती. ती पाझरत नव्हती, ती पाणी बाहेर काढत होती. कंपनीतूनच येतेत, अंजू म्हणाली होती. आणि आपण! केशोरावचा पोरगा! आपण चिंधी घालून ठासले ते, टाचेनं ठोकल्यासारखे ठोकले, आणि दोन पावसाळे वाटीनं पाणी उपसत बसलो, बायकोच्या उशाशी. लाज वाटायलाही वेळ नव्हता. त्यानं उरलेली कड दातओठ खाऊन कापली, काचेला खांदा लावला, आणि खिडकी कर्रर्र करत बोटभर, मग वीतभर, मग अर्ध्यापर्यंत सरकली.

पाऊस आत आला, त्याच्या तोंडावर, पलंगाच्या पायथ्याशी, चादरीवर. वारा आला. भिजलेल्या रस्त्याचा आणि दूरच्या कुठल्या बांधीचा वास आला. जमुनाबाई पलंगावरून पुढं झुकली, तोंड उघडं, आणि खांदे वर ओढले, आणि या वेळेस ते पूर्ण वर गेले. खेमराजनं ग्रीलमधून हात बाहेर काढला, छिद्र चाचपलं. सिमेंट दगड झालं होतं, सुरीचं टोक जाईना. "काय पाहून रायले?" जमुनाबाईनं विचारलं. "काही बारीक दे वं, टोकदार." तिनं अंबाड्यातला आकडा काढला आणि पुढं केला. त्यानं आकडा सरळ केला, खुपसला, फिरवला, खुपसला. कचकच झाली. चिंधीचा एक धागा निघाला, मग सगळी चिंधी, काळी, कुजकी, बोळ्यासारखी. आणि पाणी निघालं. गुळगुळ आवाज करत खाचेतलं पाणी त्या छिद्राकडं धावलं, पान आडवं झालं, माशी गेली, आणि त्याच्या डोळ्यासमोर तो तलाव उतरला. दुसरं छिद्रही त्यानं मोकळं केलं. पाऊस तेवढाच पडत होता, खाचेत तेवढाच येत होता. आणि तेवढाच जात होता. वाटी बादलीत तरंगत होती. तिचं काही काम उरलं नव्हतं.

तो तिथंच जमिनीवर बसला, भिंतीला पाठ लावून, ओला, आणि त्याला इतका आनंद झाला की बोलताना जीभ अडखळली. "अवं सापडलं! भिंतीचं काहीच नोहे. माह्यानंच झालं होतं, सांडवाच बुजवला होता मी. आता पाय, चार दिवसांत ठणठणीत सुकते. रीताले सांगतो, नोको येऊ म्हणून. राहतंस तू. कायले जातंस आता?" जमुनाबाई श्वास घेत होती. तिचं सगळं लक्ष त्यातच होतं, जेवणाऱ्या माणसाचं जेवणात असावं तसं. दम सापडल्यावर ती म्हणाली, "मी जातो जी."

"काऊन?" खेमराज म्हणाला. "भिंत तं सुकते म्हटलं ना."

"भिंतीपायी नाई." ती थांबली. पावसाचे थेंब तिच्या पायांवर पडत होते, तिनं पाय मागं घेतले नाहीत. "तुमी सकाळी येऊन माह्या नाकासमोर हात धरता ना. मी जागीच रायतो."

खेमराजनं चिंधीचा बोळा मुठीत दाबला.

"तुमचा पाय वाजला का मी खोकला दाबून धरतो. तुमी घाबरता म्हणून. कधी कधी लय येलपर्यंत उभे रायता. मले वाटते आता जीव जाते, पण तुमी वळेपर्यंत मी धरून ठेवतो." ती रागावून बोलत नव्हती, भाजीत मीठ कमी पडलं असं सांगावं तसं बोलत होती. "इतक्या दिवसांत एक डाव पोटभर खोकलली नाई मी. रीताकडं तिच्या सासूले ऐकू येत नाई, पोरं गोंधळ करते, कोणाचं ध्यान नाई राहत. मले थोडे दिवस जाऊ द्या. खोकलून येतो."

खोकलून येतो. माणसं देवदर्शन करून येतात, माहेरी राहून येतात, आणि ही खोकलून येणार होती. खेमराजनं हातातल्या चिंधीच्या बोळ्याकडं पाहिलं, मग तळव्याकडं. हाच तळवा. रोज पहाटे त्याला लागायचा तो बारीक श्वास, तो झोपेचा नव्हताच. ती धरून ठेवायची, आणि जे थोडं निसटायचं तेवढं याच्या हाताला लागायचं. आणि त्यावर हा निवांत झोपायला जायचा! त्याला काहीतरी बोलायचं होतं. मले काय मालूम, असं म्हणायचं होतं. पण अंजूलाही ते छेद माहीत होते, आणि त्यानं तिला कुठं विचारलं होतं? इथं तरी विचारलं होतं का? डोळ्यांत पाणी आलं ते त्यानं दुपट्ट्यानं पुसलं, पाऊस लागला असं दाखवून. दाखवायची काही गरज नव्हती, जमुनाबाई त्याच्याकडं बघत नव्हती, ती खिडकीबाहेर बघत होती.

लाइट आली, पंखा फिरायला लागला, आणि त्याच्या पाठोपाठ फोन वाजला. रीता. "बाबा, काय करू? भिंत कशी हाये? येऊ का नोको?" खेमराजच्या तोंडाशी शब्द तयार होते, गेले आठवडाभर तोच तर घोकत होता तो. भिंत सुकून रायली. खरंही होतं ते, आज पहिल्यांदा. तो म्हणाला असता तर जमुनाबाई राहिली असती. जन्मभर त्याचं ऐकलेली बाई, एका शब्दावर राहिली असती आणि पहाटे खोकला दाबून पडली असती. त्यानं फोन दुसऱ्या कानाला लावला. "ये," तो म्हणाला. "सकाळीच निघ. पाऊस असला तरी ये."

"आणि तुमी, बाबा? आईबिना राहाल ना?"

"मले काय होते," खेमराज म्हणाला, आणि या वेळेस राजा वगैरे काही म्हणाला नाही. फोन ठेवून तो आपल्या पलंगावर बसला. मागं जमुनाबाईनं एक लांब श्वास घेतला, अडखळली, आणि खोकली. मग पुन्हा. मग उबळ आली, आत खोलातून, एकामागून एक, छाती ढवळून काढणारी, पलंग हलवणारी, सारं घर भरून टाकणारी. थांबायची, दम घ्यायची, आणि पुन्हा सुरू व्हायची. खेमराजचे पाय उठायला निघाले. त्यानं दोन्ही तळवे मांड्यांखाली घातले, त्यांवर घट्ट बसला, आणि खिडकीच्या बुडाकडं बघत राहिला, जिथून पाणी आपलं आपण बाहेर जात होतं.